अणुरचनेचा संच: आर्गॉनपाशी मणी संपतात

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, नौपाडा-गोखले रोड भागात शालेय साहित्याच्या दुकानात अणुरचनेचा एक संच मिळतो. खोक्यावर 'आठवी ते दहावी' असं छापलंय. आत एक चौकोनी पाट, मधोमध केंद्रकाची उथळ वाटी, भोवती के, एल, एम, एन या कवचांची (इलेक्ट्रॉनांच्या थरांची) चार वर्तुळं आणि त्यांत अनुक्रमे २, ८, १८ आणि ८ भोकं. मणी तीन रंगांचे, प्रत्येकी २०: लाल प्रोटॉन, पांढरे न्यूट्रॉन, निळे इलेक्ट्रॉन. शिवाय हायड्रोजन ते कॅल्शिअम अशी २० कार्डं. किंमत साडेचारशे रुपये.

अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, समजवायला संच झकास आहे. वाटीत ६ लाल मणी म्हणजे कार्बन. सातवा टाकला की नायट्रोजन, मग पांढरे कितीही असोत. सोडिअमचं कार्ड लावून एम कवचातला एकुलता एक निळा मणी काढा: मागे २, ८ उरतं, प्रभार +१ होतो, पण लाल मणी अजून ११ आहेत, म्हणजे सोडिअम सोडिअमच राहतं. 'अणुअंक म्हणजे इलेक्ट्रॉनांची संख्या' हे अर्धवट पाठांतर इथे आपोआप सुटतं.

घोळ होतो तो वस्तुमानाशी. कार्डावर सरासरी अणुवस्तुमान छापलंय आणि माहितीपत्रक म्हणतं, 'वस्तुमानातून अणुअंक वजा करा, न्यूट्रॉन मिळतील.' क्लोरीनच्या कार्डावर ३५.४५ आहे. त्यातून १७ गेले की उरले १८.४५. आता अर्धा मणी कुठून आणायचा? वजाबाकी करायची ती अणुवस्तुमानांकातून (एका अणूतले प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन), आणि तो पूर्णांकच असतो. निसर्गातल्या क्लोरीनच्या दर चार अणूंपैकी साधारण तीन ३५ चे (१८ न्यूट्रॉन) आणि एक ३७ चा (२० न्यूट्रॉन). ३५ + ३५ + ३५ + ३७ = १४२, भागिले ४, आले ३५.५. वाटीत आधी १८ पांढरे ठेवून मग आणखी दोन टाकले की समस्थानिकं, म्हणजे प्रोटॉन तितकेच पण न्यूट्रॉन वेगळे असलेले अणू, डोळ्यांसमोर उभी राहतात. 'जवळच्या पूर्णांकाला आणा' ही क्लासवाली युक्ती पहिल्या वीसांत निभावते; तांब्यापाशी तोंडावर पडते. ६३.५५ चे ६४ केले तर ३५ न्यूट्रॉन येतात, पण निसर्गातलं तांबं ६३ आणि ६५ चं असतं, ६४ चं नाही.

आता खरी तक्रार. आर्गॉनचा अणुअंक १८, नेहमीच्या अणूचा अणुवस्तुमानांक ४०, म्हणजे न्यूट्रॉन २२. खोक्यात पांढरे मणी २०. कॅल्शिअमला २० पुरतात, म्हणून बनवणाऱ्याने तिथेच हिशेब थांबवला असावा. आणि दोन मण्यांनी अडतो तो नेमका सगळ्यात मोलाचा धडा. आर्गॉन ३९.९५, पोटॅशिअम ३९.१०: वस्तुमानाने रांग लावली तर पोटॅशिअम आधी येईल, आणि निष्क्रिय वायू सोडिअमच्या पंगतीला बसेल. आवर्तसारणी (मूलद्रव्यांचा तक्ता) अणुअंकाने लावायची, याला भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोस्लेच्या १९१३ च्या क्ष-किरणांवरच्या कामाने पक्का आधार दिला. आर्गॉन इतका जड का, याचं उत्तरही शेजारच्याच कार्डात आहे: हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन खडकांतल्या पोटॅशिअम-४० च्या किरणोत्सारी ऱ्हासातून आलेला आहे. पोटॅशिअम-४० मांडायलाही २१ पांढरे लागतात!

दुसरी चूक पाटावर. एम कवचाला १८ भोकं दिसली की मुलं पोटॅशिअमचं संरूपण (कवचांतली इलेक्ट्रॉनांची मांडणी) २, ८, ९ करून मोकळी होतात. बरोबर संरूपण २, ८, ८, १. कवचाची कमाल क्षमता १८ असली तरी एकोणिसावा आणि विसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातो, कारण तिथल्या एस या उपकवचाची (कवचाच्या एका पोटभागाची) ऊर्जा त्या वेळी कमी असते. त्यामुळे एम कवचाची १० भोकं चिकटपट्टीने बंद करून टाका. दहावीपर्यंत उघडावी लागत नाहीत.

निळे मणी लाल मण्यांइतकेच जड आहेत, हेही मुलांना सांगावं लागतं. खरा इलेक्ट्रॉन प्रोटॉनपेक्षा सुमारे १८३६ पट हलका. आकाराचा तर प्रश्नच सोडा. केंद्रक १ सेंटिमीटरची गोटी मानून ठाण्याच्या तलावपाळीवर ठेवलं, तर अणूची बाहेरची कड अर्ध्या किलोमीटरवर, स्टेशनच्या वाटेवर कुठेतरी येईल. पाटावर हे दाखवणं कुणालाच जमणार नाही, तो दोष संचाचा नाही.

वाटी उथळ असल्याने पोटॅशिअमपासून पुढे ३९-४० मण्यांचा ढीग घसरतो. तळाला मऊ क्लेचा पातळ थर दिला की मणी बसतात. घरात रांगतं मूल असेल तर खोकं वरच्या फळीवर ठेवा.

घेताना दुकानातच मणी मोजून घ्या, एखाददुसरा कमी निघू शकतो. माळा ओवायचे मणी विकणाऱ्याकडून त्याच मापाचे, ८ मिलिमीटरचे पाच पांढरे मणी सुटे घ्या. १० मिलिमीटरचे घेऊ नका, ते वाटीत मावत नाहीत.