ऑर्गॅनिक मॅप्स: ले-आऊटमधली बंद गल्ली आधीच दाखवणारं ॲप

दारव्ह्यात मी घरोघर दूध घालतो. यवतमाळ रोडच्या बाजूची वावरं आता प्लॉट पाडून ले-आऊट झाली आहेत आणि निम्मी गिऱ्हाइकं तिकडेच राहायला गेली. त्यांच्यासाठी ऑर्गॅनिक मॅप्स हे नकाशाचं ॲप घेतलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत, नकाशा एकदा उतरवला की रेंज नसतानाही चालतं.

जुन्या वस्तीतल्या गल्ल्या अरुंद, वाकड्या, पण एकीतून दुसरीत निघता येतं. ले-आऊटचे रस्ते सरळ नि रुंद, आणि शेवटी कंपाउंड. ज्यानं त्यानं आपल्या वावरापुरता नकाशा मंजूर करून घेतला. जिथं धुरा, म्हणजे शेताचा बांध, होता तिथं भिंत आली. पाठीला पाठ लागलेल्या दोन घरांत दूध द्यायचं तर मेन रोडला जाऊन परत आत यावं लागतं. पेट्रोल माझं जातं, पण रात्री ॲम्ब्युलन्स आली तर तिलाही हाच फेरा.

ॲपमधला नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, २००४ पासून लोकांनीच काढत आणलेला. माझी पुतणी अमरावतीला सिव्हिल शिकते. तिनं सांगितलं, बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या अभ्यासकांनी याच नकाशावरून जगभरचे रस्ते मोजले. ठिकाणाला किती रस्ते मिळतात ते बघायचं: बंद गल्लीला १, तिठ्याला ३, चौकाला ४. २०२० साली त्यांनी मांडलं की १९७५ पासून जगात नवे रस्ते एकमेकांना कमी कमी जोडले जात आहेत. घर पाडून नवं बांधता येतं, रस्त्याची आखणी मात्र पिढ्यान् पिढ्या तशीच राहते. हे ऐकून मला फार लागलं.

उणीव एक, आणि मोठी: नवे ले-आऊट नकाशात नसतात. ॲपमधून दुकान, देऊळ टाकता येतं, रस्ता काढता येत नाही. त्याला ओपनस्ट्रीटमॅपच्या साइटवर जावं लागतं. आमच्याकडचे रस्ते पुतणीनं तिथं काढले, भिंतीतली पायवाटसुद्धा. ॲपचा पुढचा नकाशा उतरवल्यावर ते दिसले. आता पायी म्हटलं की ॲप भिंतीतून नेतं, गाडी म्हटलं की मेन रोडनं.

प्लॉट घेणाऱ्यांनी इसार देण्याआधी हे ॲप उघडून बाहेर पडायच्या वाटा मोजाव्या. एकच निघाली, तर मंजूर नकाशात दुसरी कुठं दाखवली आहे ते विकणाऱ्याला विचारावं.