शहापुरातले रिपेअरवाले मामा आणि १४०० रुपयांचा डबा: एका बेसवाल्याचा रिव्ह्यू

दुकानाला नाव नाही, त्यामुळं रिव्ह्यू कशावर टाकायचा हाच पहिला प्रश्न. बोर्ड होता म्हणे पूर्वी, रस्ता रुंद करताना काढला तो परत लावलाच नाही. बेळगावच्या शहापुरातला एक बोळ, आत गेलं की दारात उघडा स्पीकर पालथा पडलेला दिसतो, तेच ओळखायचं. पत्ता नीट लिहीत नाही कारण मामांनीच सांगितलंय, "लिही, खरं गर्दी नको." (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.) जे वाजवतात त्यांना कळलं असेल कुठलं दुकान ते, बाकीच्यांनी कुठल्याही कीबोर्डवाल्याला विचारा.

मी बेस वाजवतो. बेस गिटार, खालचे जाड सूर वाजवणारी. हे दोनदा सांगावं लागतं कारण आपल्याकडं बेस म्हणजे ते मोठे काळे बॉक्स, जे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर चढवतात. एकदा हळदीच्या कार्यक्रमाला यजमानांचा फोन, "तुम्ही बेसवाले ना, किती बॉक्स आणणार?" मी म्हणलं दादा मी एकटाच येणार, तर म्हणाले मग टेम्पो कॅन्सल करतो. आणि स्टेजवर गिटार बघून हमखास कोणतरी म्हातारा विचारतोच, "चारच तारा? दोन तुटल्या काय?" त्यांचा दोष नाही. कुमार गंधर्व इथं सुळेभावीत जन्मलेले, आमच्या भागात गाणं म्हणजे पेटी, तबला, तंबोरा. तंबोऱ्याच्या चार तारा कोणाला खटकत नाहीत, माझ्याच खटकतात.

तर गेली अकरा वर्षं बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडं चंदगड-गडहिंग्लज, आणि डिसेंबरात चोर्ला घाट उतरून गोवा, असं चाललंय. रिसेप्शन, यात्रा, गणपती, नवरात्र. एका गावात कन्नड गाणी जास्त, पुढच्या गावात मराठी, आणि घरात सून हुक्केरीची असली की अर्धंअर्धं, त्यामुळं दोन्ही लिस्ट तयार ठेवाव्या लागतात. पैसे लोकलला पंधराशे ते दोन हजार, जेवण असलं तर असलं. खरा त्रास पैशाचा नाही तर कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचा आहे. हल्ली कीबोर्डमध्ये स्टाईल लावून डावा हात ठेवला की बेस आपोआप वाजतो, ऑक्टापॅडवर ढोलकीपासून ड्रमपर्यंत सगळं येतं, मग बेसवाल्याला घेऊन एक माणूस कशाला वाढवायचा? तरी मला बोलावतात. खरं बोलावल्यावर मी ऐकू आलो पाहिजे की नको? तिथंच घोळ होता.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका गावात रिसेप्शन होतं. साउंडचेक वगैरे काय नसतं आमच्यात, दहाला स्पीकर बंद करायचे असतात म्हणून नवरा-नवरी स्टेजवर यायच्या आतच सुरू करतात. माझा छोटा अँप (अँप्लिफायर) स्टेजवर, त्याच्या लाइन आऊटमधून, म्हणजे आवाज बाहेर न्यायच्या भोकातून, साधी वायर तीसेक मीटर लांब साउंड ऑपरेटरच्या मिक्सरपर्यंत. ऑपरेटरनं माझा फेडर, म्हणजे माझ्या आवाजाची सरकपट्टी, वर केला आणि सगळ्या मांडवात घुंऽऽऽ. त्यानं फेडर खाली घेतला तो कार्यक्रम संपेपर्यंत खालीच. मी अडीच तास वाजवलं आणि स्टेजवरच्या आम्हा चौघांशिवाय कोणालाच ऐकू गेलं नाही. गंमत सांगतो, लाइटीचा तो घुं ५० हर्ट्झचा असतो आणि सगळ्यात जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (दांडीवरच्या पट्टीचा) जी सूर आहे ४९ हर्ट्झचा, म्हणजे अगदी शेजारी शेजारी. एक गाणं जीमध्ये होतं, तेव्हा फेडर जरा वर राहिला असेल, तर ऑपरेटर मला अंगठा दाखवतोय, बेस मस्त येतोय म्हणून. मी तेव्हा तारेला हातही लावला नव्हता, घाम पुसत होतो. गाडीत बसताना आमचा पार्टीवाला, म्हणजे ज्याचा बँड तो, म्हणाला, "पुढच्या महिन्यात जरा बजेट कमी आहे रे." कळलं मला.

दुसऱ्या दिवशी मामांकडं गेलो. मामा मूळचे रेडिओ-टीव्हीवाले, आता अँप्लिफायर, मिक्सर, कीबोर्ड, जे येईल ते उघडतात. स्टुलावर बसून डोळ्याला भिंग लावून कसलातरी बोर्ड खरवडत होते. वर न बघताच म्हणाले, "काय करालास रे सध्या? वाजवतोस काय सोडलास?" मी सगळं सांगितलं. घुं, लांब वायर, जनरेटर, आणि बॅकिंग गायला माईकजवळ गेलो की ओठाला चिमटा बसतो तेही. हे शेवटचं ऐकून भिंग काढलं त्यांनी.

"अँपचा प्लग बघू."

दाखवला. अर्थची जाड पिन नव्हती. कोणतरी ऑपरेटरनं मागच्या सीझनला पक्कडीनं मोडून टाकली होती, घुं कमी होतो म्हणून, आणि खरंच कमी झाला होता म्हणून मीही काय बोललो नव्हतो. मामा त्या दिवशी मला जे बोललेत ते इथं लिहीत नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "घुं येतोय तो ऐकू तरी येतोय. करंट ऐकू येत नाही." नवीन थ्री पिन तिथंच बसवला, त्याचे चाळीस रुपये घेतले आणि म्हणाले आता घुं परत येणार, त्याच्यासाठी डबा करून देतो, शनिवारी ये.

शनिवारी गेलो, झाला नव्हता. पुढच्या शनिवारी ट्रान्सफॉर्मर सापडला होता खरं डबा नव्हता. तिसऱ्या शनिवारी मामाच नव्हते, पाहुण्यांकडं हुक्केरीला गेलेले. हा पहिला मायनस पॉइंट लिहून ठेवा. मामांचा शनिवार म्हणजे कुठला शनिवार ते विचारून घ्या. आणि गणपतीच्या आधी महिनाभर तर जाऊच नका, सगळ्या मंडळांचे जळके अँप्लिफायर तिथं रांगेत असतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते.

डबा म्हणजे डीआय बॉक्स, गिटार आणि मिक्सरच्या मधे लावायचा, गिटारचा आवाज मिक्सरला झेपेल असा करून देणारा. ब्रँडेडही मिळतात आणि त्यातले बरेच चांगले असतात, माझं त्यांच्याशी भांडण नाही. खरं ॲक्टिव्ह डीआयला एकतर नऊ व्होल्टची बॅटरी लागते, जी नेमकी चालू गाण्यात मरते, नाहीतर मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. आमच्याकडच्या बऱ्याच मिक्सरना फँटमचं एकच बटन असतं, सगळ्या चॅनेलला एकदम, आणि ऑपरेटर ते दाबायला तयार नसतात, माझे माईक जातील म्हणून. मामा म्हणाले तुला पॅसिव्ह पाहिजे, बॅटरी नको, फँटम नको, ऑपरेटरचं डोकं नको.

मग बिलाच्या पाठीमागं पेन्सिलीनं समजावलं, ते मला आवडलं म्हणून लिहितो. माझी गिटार पॅसिव्ह पिकअपची (पिकअप म्हणजे तारांखालचं चुंबक आणि कॉइल). ती सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला लावली तर तो इनपुट दहा-वीस किलोओहमचा, पिकअपला ते ओझं झेपत नाही, वरचा सगळा आवाज मरतो, म्हणून गोधडीत गुंडाळल्यासारखं वाजतं. डब्यातला ट्रान्सफॉर्मर बाराला एक. व्होल्टेज बारा पटीनं कमी होतं, मिक्सरच्या माईक इनपुटला तेवढंच पाहिजे असतं. खरं ओहमचा हिशोब बाराचा नाही, बारा गुणिले बारा, एकशे चव्वेचाळीस. माईक इनपुट दीड हजार ओहमचा धरला तर गिटारला समोर दिसणार दोन लाखाच्या वर. "मग मोकळी वाजते. पोरगी सासरहून माहेरी आल्यासारखी," हे मामांचं वाक्य, माझं नाही, मामी आत भाजी निवडत होत्या त्यांनी लगेच आतून विचारलं काय म्हणालात करून.

आणि घुं का यायचा तर माझा अँप मांडवातल्या एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्या लाइनवर, दोन्हींचं अर्थिंग वेगळ्या वाटेनं, आणि माझी वायर त्या दोघांना जोडून गोल पूर्ण करायची. त्यात तीस मीटरची साधी वायर म्हणजे एरियलच. डब्यातून बॅलन्स्ड लाइन जाते, तीन पिनची, वाटेत शिरलेला आवाज दोन्ही तारांत सारखाच शिरतो आणि मिक्सर तो वजा करतो. वर एक छोटा स्विच, ग्राउंड लिफ्टचा, तो टाकला की पहिल्या पिनचं ग्राउंड तुटतं आणि गोल मोडतो. प्लगचं अर्थिंग जागच्या जागी राहतं, ओठाला चिमटा नाही. एवढ्यासाठी लोक पिना मोडतात बघा.

दिसायला मात्र भीषण आहे. वायरिंगवाले भिंतीत बसवतात तो पत्र्याचा जंक्शन बॉक्स, त्याला दोन जॅक, एक तीन पिनचं सॉकेट, एक स्विच, आणि पाठीवर मार्करनं माझं नाव, तेही चुकीचं. पहिल्यांदा कडोलीत गणपतीला नेला तेव्हा ऑपरेटर हातच लावेना, "हे काय हो, फुटणार नाही ना?" पहिल्याच गाण्याला घुं आला आणि माझ्या पोटात गोळा. मग आठवलं, मामांनी बजावलं होतं डबा अँपवर ठेवू नको, अँपमधल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबक त्यात शिरतं. मी शहाणा, बरोबर अँपवरच ठेवलेला. उचलून दोन हात लांब खाली ठेवला, स्विच टाकला, आणि गप्प. एकदम गप्प. ऑपरेटरनं हेडफोन दाबून धरला, फेडर वर केला, अजून वर केला, मग माझ्याकडं बघून म्हणाला, "वाजवा की!" त्याला वाटलं वायर सुटली.

वाजवलं. खुल्या ई तारेचा आवाज, ४१ हर्ट्झ, त्या ट्रॅक्टरवरच्या काळ्या बॉक्समधून माझ्याच पोटात परत आला. अकरा वर्षांत मी माझाच बेस मांडवाच्या मागच्या टोकाला ऐकला नव्हता. आमच्या कीबोर्डवाल्यानं दुसऱ्या गाण्यात डावा हात उचलून खिशातला तंबाखू काढला, हात गाणं संपेपर्यंत परत कीबोर्डवर ठेवलाच नाही. मला एवढं पुरे.

दुसरा मायनस पॉइंट तो स्विच. डब्याच्या अगदी वर, काही आडोसा नाही. निपाणीकडच्या एका लग्नात नवऱ्याचे काका नाचत नाचत स्टेजवर आले आणि त्यांच्या पायानं स्विच पडला, घुंऽऽऽ, सगळे माझ्याकडं बघायला लागले. मामांना सांगितलं तर त्यांनी कोल्ड्रिंकच्या बाटलीचं झाकण घेतलं, मधे भोक पाडलं, स्विचच्या भोवती चिकटवलं. पाच मिनिटांचं काम, पैसे घेतले नाहीत. वर्ष झालं, झाकण आहे तिथंच आहे.

बाकी कामांचं पटकन. जॅक बदलणं, खरखरणारे पॉट (आवाजाची फिरती बटनं) साफ करणं एक नंबर. आमच्याकडच्या पावसात खानापूर साइडला महिनाभर वाजवलं की जॅकला हिरवं चढतंच, जूनच्या आधी एकदा दाखवून घ्या. लाकडाचं काम मात्र देऊ नका. पावसात माझ्या गिटारचा नेक (मान) वाकला तेव्हा मामांनी हातच जोडले, "लाकूड फुगतं तिथं माझं काय चालत नाही, मिरजेला जा." मिरजेत तंबोरे आणि सतारी करतात हो मामा, बेस गिटारची ट्रसरॉड, म्हणजे मानेतली सळई, कोण पिळणार तिथं. शेवटी मीच ॲलन की घेऊन पाव पाव फेरा देत दोन दिवसांत आणला जागेवर. तारांचं विचारलं तर म्हणाले उकळ. ते मला आधीच माहीत होतं, नवीन सेट परवडत नाही तोवर सगळे बेसवाले तारा भांड्यात उकळतातच, मळ निघतो आणि महिनाभर परत चकचकीत वाजतात. बायकोचं भांडं वापरू नका एवढंच.

पावती मिळत नाही. मागितली तर मामांना वाईट वाटतं. स्कॅनर आहे खरं त्याच्यावर नाव मुलाचं येतं, घाबरू नका, पैसे पोचतात. गुरुवारी बंद. दुपारी दोन ते चार झोपतात.

मागच्या मे महिन्यात मामांच्या भाचीचं लग्न होतं आणि योगायोगानं पार्टी आमचीच. मामा जेवायच्या आधी मिक्सरपाशी येऊन उभे राहिले, हात मागं बांधून, मान वाकडी करून. दोन गाणी ऐकली. मी आपला त्यांच्याकडं बघत मन लावून वाजवतोय, आज तरी काहीतरी बोलतील म्हणून. गाणं संपलं तसे ऑपरेटरच्या कानाशी वाकले, काहीतरी बोलले आणि जेवायला गेले. ब्रेकमध्ये पळत जाऊन विचारलं त्याला, काय म्हणाले मामा?

"उजव्या बाजूचा टॉपचा स्पीकर फाटलाय म्हणाले. सोमवारी घेऊन ये करून सांगितलेत."

पाचपैकी चार स्टार. एक त्या शनिवारांचा कापलाय.