कर्ज मिटवून देतो म्हणाले आणि माझे ५६,१४९ रुपये घेऊन गेले

लिहायला दोन महिने लावले, कारण लाज वाटत होती. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही. पण परवा कँटीनमध्ये एका पोराने मला तसलंच कार्ड दाखवलं, 'कर्ज ४० टक्क्यांत सेटल', आणि डोकं फिरलं.

घरात कमावणारा मी एकटा. बायको शिवणकाम करायची, आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तेही बंद. पगार हातात ३१,५००. पर्सनल लोनचा हप्ता ११,२४०, गाडीचा ३,१५०, मोबाइलचा २,१००, क्रेडिट कार्डाचा मिनिमम ड्यू ७,३००. घरभाडं ६,५००. उरतात १,२१०. त्यात किराणा, गॅस, आईची औषधं. कर्ज चैनीसाठी काढलं नव्हतं, दवाखान्यासाठी काढलं होतं. बँकेतही आधी जाऊन आलो होतो. "ऑनलाइन घेतलंय ना, मग कस्टमर केअरला फोन करा," म्हणून परत पाठवलं. मग माणूस कुठे जाणार?

या कर्ज 'सेटल' करून देणाऱ्यांची पद्धत बहुतेकांना माहीत असेल. हप्ते थांबवा, तेच पैसे आमच्या 'सेटलमेंट फंडात' भरा, बँक आपोआप खाली येते आणि कमी पैशांत कर्ज मिटवते. ऑफिस होतं, काचेचं दार होतं, काळा कोट घातलेला माणूस होता. नोंदणी ४,९९९, जीएसटी धरून ५,८९९. बँकेला पाठवायच्या नोटिशीचे ८,५००. मग दरमहा ९,०००.

पहिले ९,००० भरताना क्यूआर स्कॅन केला तर वर नाव आलं एका मोबाइलच्या दुकानाचं. दारावर एक नाव, पावतीवर दुसरं, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. मी विचारलंसुद्धा. "सर, मेन अकाउंटचं आजचं लिमिट संपलंय, हे आपलंच आहे," म्हणाला. मी पिन टाकायचा थांबलो होतो. चांगला मिनिटभर थांबलो होतो. पण त्याच सकाळी वसुलीवाल्याने माझ्या सुपरवायझरला फोन केला होता, सगळ्या लाइनवर कळलं होतं, आणि मला ते फोन बंद व्हायला हवे होते. टाकला पिन. तिथून उठून आलो असतो तर ४१,७५० वाचले असते. घरी बायकोने पावती बघून विचारलं, "शिक्का कुठाय यावर?" तिच्यावरच ओरडलो.

तीन महिने ९,००० दिले. शेवटी 'बँकेच्या एनओसी'साठी १४,७५० मागितले. बायकोची कर्णफुलं गहाण ठेवून तेही भरले. आठ दिवसांनी ऑफिसला कुलूप, फोन बंद. बँकेला ना नोटीस गेली होती, ना कुणाचा एक फोन. कार्डाची बाकी १,४६,००० होती, ती १,६८,९४० झाली. महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर जीएसटी, वर लेट फी. पर्सनल लोनला ९० दिवस उलटून गेले, खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. आता बँकेतला साहेब म्हणतो, आधी आला असतात तर मुदत वाढवून हप्ता कमी केला असता. आधी आलो होतो हो! तेव्हा कुणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

१९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली गेली, क्रमांक मिळाला. पण पैसे गेल्या गेल्या, तासाभरात फोन केला तर ते अडवता येण्याची आशा जास्त असते. माझे तर महिन्यांपूर्वी गेलेले. पोलीस ठाण्यात गेलो. "पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत, मग हा दिवाणी मामला." सायबरवाल्यांकडे गेलो तर म्हणाले, ऑफिस प्रत्यक्ष होतं, तुमच्या ठाण्यात जा. ठाण्यात परत गेलो तर ऑफिस आमच्या हद्दीत नाही. अरे, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा, असं नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्ये लिहिलंय! चार खाडे झाले, चार दिवसांचा पगार गेला. एक हवालदार मला विचारतो, शिकलेले दिसता, मग फसलात कसे? मी फसवलंय का कुणाला? ज्याने फसवलं त्याच्या दारात जाऊन विचारा ना!

कर्जमाफीची 'प्रमाणपत्रं' देतो म्हणून फी उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्येच लोकांना सावध केलं होतं. मला ते नंतर कळलं. हप्ता थांबवा म्हणणारा माणूस तुमचा नाही, मग तो वकील असला तरी. खरं सेटलमेंट बँकेच्या लेटरहेडवरच्या पत्राने होतं आणि पैसे थेट कर्जखात्यातच जातात. त्यानंतरही सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जाच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा राहतो, हेही हे लोक सांगत नाहीत. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही. तसा आला तर वेळ लिहून ठेवा, बँकेत लेखी द्या. बँकेत तोंडी काही बोलूच नका. मी तोंडी बोललो, म्हणून आज माझ्याकडे पुरावा नाही.

सोमवारी पुन्हा ठाण्यात जातोय. अर्जाच्या दोन प्रती काढल्यात. एकीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय उठणार नाही.