क्रेडिट कार्ड फेडायला ऑफिसच्या पतसंस्थेचं कर्ज : माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगते, पतसंस्थेचं नाव लिहून उपयोग नाही कारण ती फक्त आमच्या कंपनीच्या कामगारांसाठीय. पण पगारदार पतसंस्था पिंपरी-चिंचवडकडच्या बऱ्याच जुन्या कंपन्यांत असते आणि आमच्यासारखे लोक तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, म्हणून हा रिव्ह्यू.

माझी तीन कार्डं, लिमिट १ लाख ८०, १ लाख २० आणि १ लाख, म्हणजे टोटल ४ लाख. त्यावर २ लाख ४० हजार थकलेले. नवऱ्याची नोकरी मध्ये सात महिने नव्हती, त्यात शाळेची फी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि खरं सांगायचं तर थोडी माझी ऑनलाइन खरेदी पण. मी दर महिन्याला मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, भरत होते आणि वाटायचं की चाललंय की नीट. एका रविवारी बसून हिशोब केला, महिन्याला ३.६ टक्के म्हणजे व्याज ८,६४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी साधारण १,५५५, झाले जवळपास १०,२००. आणि मी भरत होते १२ हजार! म्हणजे मुद्दलात जेमतेम अठराशे. वर मागची बाकी असली की नवीन खरेदीला ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे काही मिळत नाही, किराणा घेतला की त्याच दिवसापासून मीटर सुरू.

मग शोधाशोध. पहिला फोन आला तो कर्ज सेटलमेंट करून देणाऱ्या एका कंपनीचा. बाई गोड बोलत होत्या, मॅडम तुम्ही हप्ते भरणंच थांबवा, पाच-सहा महिन्यांनी बँक अर्ध्यावर तयार होते. फी आमची आधी. मी म्हटलं आणि कार्डं? तर म्हणे ती जाणारच ना. सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या रेकॉर्डवर, 'सेटल्ड' (कमी पैशांत मिटवलेलं) असा शेरा पडतो हे त्यांनी सांगितलंच नाही, ते मला भावाने सांगितलं. पुढे घराचं लोन घ्यायचंय आम्हाला, 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलेलं) आणि 'सेटल्ड' यात बँकेच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असतो. या सर्व्हिसला शून्य स्टार.

दुसरं, कार्डवाल्या बँकेनेच थकलेल्या रकमेचे ईएमआय, म्हणजे महिन्याचे हप्ते, करून देतो म्हटलं. वर्षाला १६ टक्के, प्रोसेसिंग फी वेगळी, व्याजावर परत जीएसटी. ते एकवेळ चाललं असतं, पण तेवढी लिमिट अडकूनच राहते, हप्ता भरला की त्यातल्या मुद्दलाएवढीच सुटते. मला तर लिमिट मोकळी हवी होती. ४ लाखांत २ लाख ४० वापरलेले म्हणजे ६० टक्के, आणि सिबिल स्कोअर चांगला राहायला वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात.

शेवटी पतसंस्था. वर्षाला ११ टक्के, तीन वर्षं. अडीच लाख मंजूर झाले, त्यातले १० हजार पतसंस्थेच्याच शेअर्सला वळते करून हातात बरोब्बर २ लाख ४०. हप्ता ८,१८५, पगारातूनच कापून जातो त्यामुळे विसरायचा प्रश्नच नाही. आधी १२ हजार जाऊन कर्ज जागचं हलत नव्हतं, आता आठ हजारात पहिल्या महिन्यापासून मुद्दलात पाच हजार आठशेच्या वर जातात. तिन्ही कार्डं एकाच दिवशी शून्य केली आणि एकही बंद केलं नाही!

पण एक गोची झाली. पूर्ण बिल भरलं तरी पुढच्या स्टेटमेंटला परत व्याज आलं, मी हादरलेच. तर स्टेटमेंट निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं व्याज राहिलेलं असतं म्हणे. तिन्ही मिळून पाचेक हजार गेले. तेव्हा शून्य झालं म्हणून ॲप उडवू नका, अजून दोन स्टेटमेंट बघा.

आता दोन कार्डांवर मोबाईल रिचार्ज आणि लाइट बिल टाकलंय, पूर्ण रकमेचा ऑटो पे लावून. कार्ड वर्षभर वापरलंच नाही तर बँक कळवून ते बंद करू शकते, आरबीआयचा २०२२ चा नियमय. तिसऱ्याला वार्षिक फी ५९० रुपये, बंद करायचा फार मोह झाला, पण १ लाखाची लिमिट जाईल म्हणून त्यावर गॅस सिलेंडर. एका बँकेने तर लगेच लिमिट वाढवून देतो म्हणून मेसेज केला. मी हो म्हटलं नाही, आपल्याला आपली खोड माहितीय. सिबिल ६८८ होता, चार महिन्यांनी ७४९ दिसतोय.

एक स्टार का कापला? काउंटर फक्त जेवणाच्या सुट्टीत उघडा, त्यात क्लार्क काकांचा डबा. फॉर्म अजून कार्बन पेपरवर. आणि मुख्य म्हणजे दोन जामीनदार लागतात, तेही सभासदच हवेत. बँकेत ॲपवर बटण दाबलं की कुणाला कळत नाही, इथे मला डिपार्टमेंटमधल्या दोघांसमोर उभं राहून सांगावं लागलं की कार्डं थकलीत, सही कराल का. घसा कोरडा पडला होता. एक दादा काही न विचारता सही करून गेले. दुसऱ्या ताईंनी आधी तिन्ही स्टेटमेंट मागितली, चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि मग सही केली. आता मी नवीन चप्पल घालून गेले तरी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारतात, "काय गं, कार्डावर घेतलीस का?"