आधी 'नायकन' की आधी 'दळपती'?

मणिरत्नमचे जुने तमिळ चित्रपट पाहायचे ठरवले आणि हाताशी एकच मोकळी संध्याकाळ असली, की निवड बहुतेक वेळा दोन नावांशी येऊन थांबते. १९८७चा 'नायकन' आणि १९९१चा 'दळपती'. दोन्ही दिवाळीत प्रदर्शित झाले, दोन्ही अडीच तासांच्या आसपासचे. संगीत इळैयराजाचं, कलादिग्दर्शन थोटा तरणींचं. दोन्हींचा नायक पोलिसांच्या लेखी गुंड आणि वस्तीच्या लेखी मायबाप. इतकं सारखं असूनही पाहणाऱ्याच्या हाती दोन अगदी निराळ्या गोष्टी लागतात, कारण ते घडवण्याची रीतच वेगळी आहे.

'नायकन' आपल्या मुंबईचा आहे. बापाला मारणाऱ्या पोलिसाला संपवून तुतिकोरिनहून पळालेला पोरगा धारावीत एका मुसलमान म्हाताऱ्याच्या घरी वाढतो आणि पुढे वेलू नायकर होतो. त्यामागे मुंबईतला तमिळ टोळीप्रमुख वरदराजन मुदलियार याचं आयुष्य आहे. माटुंगा स्टेशनजवळच्या त्याच्या गणपतीची आरास आठवणारे लोक आजही भेटतील. चित्रपट आला तेव्हा तो हयात होता. १९८८च्या सुरुवातीला वारला. 'गॉडफादर'ची छायाही स्पष्ट दिसते, पण वेलूची भूक, त्याची भाषा आणि त्याची वस्ती उसनी नाही.

पडद्यावर दिसणारी बरीचशी धारावी मात्र मद्रासमध्ये उभी केलेली आहे. तरणींनी स्टुडिओत गल्ल्या, पत्रे, जिने, गटारं बांधली आणि त्यात खऱ्या धारावीत टिपलेली दृश्यं मिसळली. सांधा शोधायला गेलात तरी सापडणं कठीण. त्यावर पी. सी. श्रीराम यांचा कॅमेरा. प्रकाश वरून येतो, डोळे सावलीत राहतात, अर्धा चेहरा अंधारात जातो. त्या काळी ताऱ्याच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पाडणं हा रिवाज होता, आणि इथे कमल हासनसारखा नट दृश्यच्या दृश्यं काळोखात बसलेला आहे. त्या वर्षी अभिनय, छायाचित्रण आणि कलादिग्दर्शन अशी तीन राष्ट्रीय पारितोषिकं या चित्रपटाला मिळाली. तिन्ही योग्य होती असं मला मनापासून वाटतं.

मराठी प्रेक्षकाला एक गोष्ट टोचेल आणि टोचायला हवी. वेलूच्या पालनकर्त्याचा कोठडीत जीव घेणारा इन्स्पेक्टर केळकर आहे, पुढे वेलूच्या मागे लागणारा पोलीस अधिकारी पाटील. शहराची सत्ता कुणाच्या हातात होती, हे झोपडपट्टीतल्या तमिळ माणसाच्या नजरेतून आपल्याला दिसतं. वेलू केळकरला सगळ्यांदेखत मारतो आणि साक्ष द्यायला कुणी पुढे येत नाही. पण गोष्ट तिथे टाळ्या घेऊन सुटत नाही. केळकरची बायको आणि मुलगा वेलूच्या आयुष्यात येतात आणि राहतात. इथे प्रत्येक खुनाचं देणं कुणाला तरी फेडावं लागतं, बहुतेकदा घरातल्यांनाच. मारामारी असलेले चित्रपट ढिगाने आहेत. हा हिशेब ठेवणारे फार थोडे. आणि कोठीवर भेटलेली ती शाळकरी मुलगी, उद्या गणिताची परीक्षा आहे म्हणून लवकर सोडा अशी विनवणी करणारी! त्या एका वाक्यासाठीसुद्धा मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

उणं काय? उत्तरार्ध घाईत आहे, वर्षं पटापट उलटतात, आणि दोन-एक गाणी बाजाराचा रिवाज म्हणून आलेली वाटतात.

'दळपती'चा आधार महाभारत. कर्ण म्हणजे सूर्या, दुर्योधन म्हणजे देवा, अर्जुन म्हणजे जिल्ह्याचा कलेक्टर. रजनीकांत, मामुट्टी आणि पहिल्यांदाच मोठ्या पडद्यावर आलेला अरविंद स्वामी. कर्णाबद्दल मराठी मनाला मुळातच माया आहे, त्यामुळे नाती समजावून घ्यायला वेळ लागत नाही. सुरुवात कृष्णधवल: एक कोवळी मुलगी तान्ह्या बाळाला मालगाडीत सोडून जाते. कवचकुंडलांच्या जागी पिवळी शाल. पुढे देवळात आगगाडीची शिटी ऐकू येते आणि आई व मुलगा दोघंही कावरेबावरे होतात, एकमेकांची ओळख नसताना. या दृश्यात एक शब्द बोलला जात नाही.

इथे कॅमेरा संतोष सिवन यांचा, आणि गोष्ट काळोखातून उन्हात येते. सूर्यपुत्राच्या मागे सूर्यबिंब पुन्हा पुन्हा ठेवलंय. बरंचसं चित्रण कर्नाटकात, म्हैसूरच्या आसपास झालं, त्यामुळे नदी, घाट, आकाश मोकळं मिळालं. रजनीकांतने नंतर जाहीर कार्यक्रमात सांगितलंय की पहिल्या दिवशी तो आपल्या नेहमीच्या मेकअपमध्ये सेटवर गेला आणि दिग्दर्शकाला ते नको होतं. चित्रपट पाहताना हे जाणवतं. स्टाइलचे झटके बाजूला ठेवलेला, आईच्या नावाने आतून तुटणारा रजनी इथे आहे.

संगीतात मात्र 'दळपती' सरस. 'सुंदरी कण्णाल'चा भव्य वाद्यमेळ मुंबईत ध्वनिमुद्रित झाला. 'रक्कम्मा' हे गाणं २००२च्या बीबीसीच्या जागतिक मतदानात पहिल्या दहांत होतं. मणिरत्नम आणि इळैयराजाचं हे शेवटचं एकत्र काम. पुढच्याच वर्षी 'रोजा' आणि रहमान. खलनायकाच्या बाबतीत चित्रपट कमी पडतो. अमरीश पुरींसारखा नट हाती असून त्याच्या पात्राला फक्त वाईट असण्याचंच काम आहे.

मग आधी कोणता? तमिळ चित्रपट सवयीचे नसतील, रजनीकांत केवळ ऐकून माहीत असेल, किंवा सोबत बसणाऱ्यांना गाणी हवी असतील तर 'दळपती'. मैत्रीची गोष्ट आहे, लगेच धरून ठेवते. बाकी सगळ्यांना, आणि मुंबईत राहिलेल्या प्रत्येकाला, मी 'नायकन'च सांगेन. चित्रपट कसा घडवतात याची ओढ असेल तर प्रश्नच नाही. लहान मुलांना मात्र दोन्हींपासून दूर ठेवा, हिंसा खरीखुरी वाटते.

'नायकन'चा हिंदी रीमेक 'दयावान' पाहिलाय म्हणून मूळ चित्रपट टाळू नका. कथा तीच असली तरी तो काळोख आणि तो संयम त्यात नाही. आणि डब केलेली प्रत घेऊ नका. धारावीतल्या त्या लोकांचं परकेपण त्यांच्या तमिळमध्येच आहे. सबटायटल्स लावा, दिवे मालवा. श्रीरामची अंधारी चौकट उजेडाच्या खोलीत किंवा मोबाइलवर निम्मीसुद्धा दिसत नाही.