आठवडा की सप्ताह?

दोन्हीचा अर्थ सात दिवस, पण आठवडा या शब्दात आठ लपलाय हे लक्षात आलंय का कधी? आपली जुनी मोजणी दोन्ही टोकं धरून चालते, म्हणजे या मंगळवारपासून पुढच्या मंगळवारपर्यंत मोजा, दोन्ही मंगळवार धरले की बरोबर आठ होतात, आणि म्हणूनच आजी 'आठ दिवसांनी ये' म्हणाली की पुढच्या त्याच वारी जायचं असतं. पंधरवड्याचं पण तेच, दोन आठवडे म्हणजे चौदा दिवस पण म्हणताना पंधरा. फ्रेंच लोकपण आठवड्याला आठ दिवस म्हणतात बरं का!

सप्ताहमध्ये मात्र सरळ सात. पण तो बोलण्यात एकटा फारसा येत नाही, गावात सप्ताह बसला म्हटलं की अखंड हरिनाम सप्ताहच डोळ्यासमोर येतो, वीणा, कीर्तन, काल्याचा प्रसाद. छापील कामात मात्र त्याचंच राज्य, साप्ताहिक सुट्टी, साप्ताहिक पेपर (१८८१ साली केसरी निघाला तो साप्ताहिक म्हणूनच).

बाजार मात्र आठवडीच, साप्ताहिक बाजार म्हटलं की मला त्यात भाजीचा वासच येत नाही. रोजच्या बोलण्यात माझं मत आठवड्यालाच.