कान वाहतोय: थेंबांवर भागवायचं की पडदा बसवून घ्यायचा?

आमच्या नात्यात वाहणारे तीन कान: माझा डावा, आत्याचा उजवा आणि मामेभावाचा डावा. मी 31व्या वर्षी ऑपरेशन करून पडदा बसवून घेतला. आत्या 74 वर्षांची आहे, ती आजही थेंबांवर आहे. मामेभावाला निवड करायची मुभाच नव्हती. एक डॉक्टर ‘ड्रॉप्स टाकत राहा’ म्हणतात, दुसरे ‘ऑपरेशन करून टाका’ म्हणतात, आणि तुम्ही मधल्यामध्ये अडकला असाल, तर हे तीन कान शेजारी-शेजारी ठेवून पाहा. मी डॉक्टर नाही. पण पहिलीपासून कानात कापसाचा बोळा घालून शाळेत गेलेली मुलगी आहे, आणि वीस-बावीस वर्षं मला कोणी हे नीट उलगडून सांगितलं नव्हतं.

आधी तुमचा कान या प्रश्नात बसतो का ते बघा. कान ओढला किंवा कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा दाबला की जीव जातो, असं होत असेल तर दुखणं बहुधा पडद्याच्या अलीकडे, नळीतच आहे. मे महिन्यात पोहण्याच्या क्लासनंतर मुलांना होतं ते बऱ्याचदा हेच. पुण्याच्या पावसाळ्यात दुसरं एक हमखास दिसतं, ते म्हणजे बुरशी: सतत खाज, कानाला दडा, आणि आत ओल्या कागदाच्या लगद्यासारखा मळ, कधी त्यावर काळे ठिपके. अशा कानात मागच्या वेळचे उरलेले अँटिबायोटिक थेंब घातले तर बुरशी आणखी फोफावते. तो डॉक्टरांकडून साफ करून घ्यावा लागतो आणि बुरशीचे थेंब वेगळे असतात. सर्दीत रात्रभर ठणका, पहाटे उशीवर पू आणि ठणका एकदम कमी, हा नुकताच फुटलेला कान. तोही दाखवायचाच, पण बहुतेकांचा पडदा काही आठवड्यांत आपला आपण मिटतो. या तिघांतही पडदा बसवण्याचा विषय निघत नाही. फक्त मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा कान वाहत असेल आणि रात्री असह्य दुखत असेल, तर घरी वाट पाहू नका. त्यात जंतू नळीतून हाडात शिरू शकतात.

उरला तो जुनाट कान. पडद्याला भोक पडलंय, ते मिटत नाही, दर सर्दीला किंवा डोक्यावरून पाणी घेतलं की पू येतो. इथे सगळा निर्णय एका गोष्टीवर आहे: भोक कुठे आहे.

माझं आणि आत्याचं भोक पडद्याच्या मधोमध होतं. असा कान भरपूर वाहतो, शेंबडासारखं चिकट पाणी येतं, पण सहसा घाण वास नसतो. मधले काही महिने तो अगदी कोरडाही राहतो. मामेभावाचा कान उलटा. पू अगदी थोडा, पण बारा महिने, कधी रक्ताचा अंश, आणि वास असा की शेजारी बसलेल्याला जाणवायचा. त्याचा पडदा वरच्या कडेला आत ओढला जाऊन त्या खळग्यात कातडीच्या सालपटांची गाठ साचली होती. लोक ‘कानाचं हाड सडलंय’ म्हणतात ते हेच. ही गाठ शेजारचं हाड हळूहळू खात जाते. ऐकण्याची इवलीशी हाडं, चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारी नळी आणि वरच्या बाजूला मेंदूचं आवरण, सगळं तिथून काही मिलिमीटरवर असतं. दुखत नाही म्हणून त्याने चार वर्षं थेंबांवर काढली, आणि एका सकाळी चूळ भरताना तोंडाच्या एका कडेने पाणी गळायला लागलं. थेंबांनी ही गाठ जात नाही. ऑपरेशन करावंच लागतं; त्यात कान सुरक्षित करणं पहिलं, ऐकू येणं नंतर. गाठ पुन्हा येऊ शकते, म्हणून त्याच्या तपासण्या वर्षानुवर्षं चालणार आहेत. वाहत्या कानाबरोबर तोंड वाकडं होणं, गरगरणं, कानामागे सूज, ताप आणि जबर डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, रविवार असो की दिवाळी.

तेव्हा ‘थेंब की ऑपरेशन’ हा प्रश्न खऱ्या अर्थाने फक्त मधोमध भोक असलेल्यांचा आहे. ते मधोमध आहे हे टॉर्च मारून कळत नाही. कान साफ करून, दुर्बिणीखाली पाहूनच कळतं.

थेंबांची बाजू आधी. ते कान कोरडा करतात आणि बहुतेक वेळा लवकर करतात. नुसत्या वाहत्या कानाला सहसा गोळ्यांपेक्षा थेंब जास्त लागू पडतात, कारण औषध थेट पुवापर्यंत पोचतं. पण पू साठलेल्या कानात थेंब वरच्या वर तरंगतात; आधी सफाई हवी. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा (गार थेंबांनी चक्कर येते), कुशीवर झोपा, थेंब घाला, तो छोटा उंचवटा चार-पाचदा दाबा आणि पाच मिनिटं तसेच पडून राहा. मी पंधरा वर्षं उभ्या-उभ्या थेंब घालत होते, ते अर्धेअधिक मानेवरच गेले असतील. आणखी एक: भोक असलेल्या कानात जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे थेंब आतल्या कानाला इजा करू शकतात. म्हणून मेडिकलच्या दुकानातून ‘कानाचे ड्रॉप्स द्या’ असं म्हणून काही आणू नका. लसणाचं कोमट तेल, झेंडूच्या पाल्याचा रस हे माझ्या आजीने मायेने घातलं, पण भोकातून ते सरळ मधल्या कानात जात होतं.

थेंबांनी भोक मात्र बुजत नाही. कमी झालेलं ऐकूही परत येत नाही.

ऑपरेशनमध्ये कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण किंवा कानाच्या कुर्चेचा तुकडा घेऊन भोकावर बसवतात. अनुभवी हातांत, कोरड्या कानावर, 100 पैकी साधारण 85 ते 90 जणांचा पडदा धरतो. ऐकू बहुतेकांना सुधारतं, सगळ्यांना पहिल्यासारखं नाही. काहींना काही महिने जिभेच्या एका बाजूची चव बदलते. ऐकू कायमचं कमी होणं क्वचित, पण होऊ शकतं, आणि ते सही करण्याआधी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. ऑपरेशननंतरचे आठवडे पथ्याचे: कानात पाणी नाही, नाक जोरात शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, विमान नाही. पुण्यात सगळ्यात अडचणीचं ठरतं ते हेल्मेट. कानामागे टाके असताना ते चढवता येत नाही, त्यामुळे गाडी बंद. माझे दीड महिने बस आणि रिक्षात गेले.

मी ऑपरेशन निवडलं कारण मी शाळेत शिकवते, मागच्या बाकावरचं पोर बोललेलं मला कळत नव्हतं, आणि वर्षातून सहा-सात वेळा कान वाहत होता. आत्याच्या हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, दुसरा कान ठणठणीत आहे, आणि उजवा वर्षातून एखाद्या वेळी वाहतो. ती अंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापूस घालते आणि वर्षातून एकदा कान दाखवून येते. तिच्या जागी मीही तेच केलं असतं. मात्र तिला श्रवणयंत्र लागलं असतं तर मी वेगळं म्हटलं असतं: यंत्राच्या साच्याने कान कोंडला की तो जास्त वाहतो, आणि मग यंत्रही वापरता येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत बरेच सर्जन सात-आठ वर्षांपर्यंत थांबतात, कारण सर्दी वारंवार होते. तोवर ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि वर्गात पुढे बसवायला सांगा.

कुठे करायचं? पुण्यात ससून या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे, पिंपरीकडच्यांना महापालिकेचं वायसीएम रुग्णालय जवळ. खर्च फार कमी, पण सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, फेऱ्या मारायच्या आणि तारखेसाठी थांबायची तयारी हवी. साधा पडदा असेल तर थांबणं परवडतं, मामेभावासारखा कान असेल तर नाही. रेशनकार्ड घेऊन जा आणि सरकारच्या जन आरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. खासगीत तारीख लवकर मिळते. पण अनेक आरोग्यविम्यांत कान-नाक-घशाच्या ऑपरेशनला पहिली 2 वर्षं पैसे मिळत नाहीत, तेव्हा पॉलिसीचा तो कागद आधी काढून ठेवा. आणि निवड हातात असेल तर तारीख पावसाळा संपल्यावरची मागा. माझी डिसेंबरातली होती, पुढच्या जूनपर्यंत पडदा पूर्ण धरला होता.